हवेची आवक-जावक

आमच्या भागात माणसाला काही झालं आणि ते काय झालं हे लवकर कळलं नाही, की घरचे एकच निदान करतात. बाहेरची हवा लागली. लेकरू दूध पीत नाही, बाहेरची हवा. नव्या सुनेनं जेवण टाकलं, बाहेरची हवा. माझ्या मावशीच्या म्हशीलाही एकदा बाहेरची हवा लागली होती. तिच्यावरून मिरच्या उतरवून झाल्या, लिंबू कापून झालं, आणि मग शेजारचा बोंबलत आला की तुमच्या म्हशीनं माझं बियाण्याचं अख्खं धान फस्त केलं म्हणून. तर या शब्दांशी माझं तसं वैर नाही. हसून सोडून द्यायची सवय आहे. पण मी सांगते आहे त्या वर्षी याच दोन शब्दांनी एका गुणी पोरीची नोकरी खाल्लीच होती, आणि त्याचा माझा राग अजून पुरता उतरलेला नाही.

मी सरकारी कारकून. कुठल्या खात्यात ते सांगत नाही, कारण सांगितलं की लोक लगेच आपलं अडलेलं काम काढतात. घर नवेगाव बांधच्या बाजूला, ऑफिस कोहमाऱ्याच्या चौकाजवळ हायवेला लागून, रोजची ये-जा बसनं. आमचं जुनं ऑफिस कौलारू होतं. पावसाळ्यात गळायचं, भिंतीवर पाली फिरायच्या, आणि आम्ही सगळे त्याला रोज शिव्या द्यायचो. पण खिडक्या चारी बाजूंनी होत्या. उन्हाळ्यात कूलर खिडकीच्या बाहेर, तोंड आत, आणि समोरचं दार सताड उघडं. कूलरला मागून वारा लागतो आणि पुढून वाट लागते, हे विदर्भातलं शेंबडं पोरही सांगेल.

मग नवी इमारत झाली. बाप्पा, काय तिचा थाट! समोरून सगळी काच. फीत कापली, पेढे वाटले, आणि बडे बाबू, म्हणजे आमचे हेडक्लार्क, गोंदिया शहरातले, बोलतात अर्धं हिंदी, ते छाती फुगवून म्हणाले, "मैडम, अब अपना ऑफिस फुल एसी है." रस्त्यापलीकडे राइस मिल. हंगामात तिचा कोंडा असा उडतो की वाळत घातलेलं लुगडं संध्याकाळी झटकून घ्यावं लागतं. म्हणून ठेकेदारानं सगळ्या खिडक्या कडेनं डिंकासारखं काहीतरी भरून कायमच्या बंद केल्या. समोरच्या केल्या ते समजू शकते. मागच्या बाजूला नुसती धानाची बांधी, म्हणजे भाताचं खाचर, तिथून कोंडा यायचं कारण नाही, पण त्याही केल्या. वर त्यांना टेकून लोखंडी कपाटं लावली. आम्ही काही बोललो नाही. उलट हिवाळ्यातही एसी लावून शाली पांघरून बसलो. नव्याचे नऊ दिवस. नव्या प्लायवूडचा आणि रंगाचा वास नाकात बसायचा, तोही आम्हाला श्रीमंतीचा वाटायचा.

त्याच सुमारास ती पोरगी आमच्याकडे लागली. तिला आवक-जावकला बसवलं. सरकारी ऑफिसात बाहेरून आलेला कागद म्हणजे आवक, इथून गेलेला म्हणजे जावक, आणि त्या दोन्हींचा हिशेब ठेवणारं टेबल ते आवक-जावक. काम कंटाळवाणं, पण ती असं करायची की जसं काही देवाचं. का नाही करणार? वयाची अट संपायला आली असताना, शेवटच्या खेपेला परीक्षा पास झाली होती. सासरी धानाची शेती, नवरा शेतकरी, त्या घरात पगार आणणारं पहिलंच माणूस ती. नोकरी अजून पक्की व्हायची होती. आमच्यात त्याला प्रोबेशन म्हणतात. तेवढा काळ साहेबांचा शेरा चांगला पडला की माणूस कायम, नाही तर घरी. मला ती पहिल्या दिवसापासून मावशी म्हणायला लागली, आणि मला कोणी मावशी म्हटलं की मी विरघळते.

होळीच्या आसपास तिला खोकला लागला. आधी साधा. मग असा की वाक्य पुरं होईना. "मावशी, ते गोंदियाचं..." खोकला. "गोंदियाचं पत्र..." खोकला. पत्र राहिलं बाजूला, मी पाणी आणायला उठायची. संध्याकाळी बसच्या पायऱ्या चढताना छातीतून शिट्टी वाजायची. रविवारी बरी असतो, असं तीच सांगायची. आमच्याकडे बाया स्वतःबद्दलही "मी जातो, मी असतो" असंच बोलतात. आम्ही शहाण्यांनी त्यावर काय म्हणावं? रविवारी आराम मिळतो म्हणून बरी असतेस.

खरं तर दुखत सगळ्यांचंच होतं. माझं डोकं दुपारनंतर ठणकायचं, डोळे चुरचुरायचे. मी ते वयावर आणि चष्म्यावर घातलं. बडे बाबू दुपारी खुर्चीत डुलक्या घ्यायचे आणि जागे झाले की छातीवर हात ठेवून सांगायचे, "गैस है मैडम, गैस." ज्याच्या त्याच्या दुखण्याला ज्याचं त्याचं नाव होतं. तिच्या खोकल्याला मात्र सगळ्यांनी मिळून नाव दिलं, आणि तेही कुजबुजत. टीबी. तिनं निमूट जाऊन थुंकी तपासून घेतली, छातीचा फोटो काढला. काहीच निघालं नाही. निघालं नाही तरी तिचं टेबल दारातून उचलून मागच्या कोपऱ्यात, कपाटांजवळ नेऊन ठेवलं. "आराम पडेल तुम्हाला," असं वर तोंड करून सांगितलं. मला इतका संताप आला की त्या दिवशी मी कोणाशी बोलले नाही, आणि मी बोलत नाही म्हणजे काय ते ऑफिसला ठाऊक आहे.

मे उजाडला तसा एसीनं हात टेकले. आमचा मे महिना काय असतो ते इथं राहणाऱ्यालाच ठाऊक. मग बडे बाबूंना आठवलं, जुना कूलर गोदामात पडला आहे. आणला. पण लावायचा कुठं? खिडकी तर उघडत नाही. म्हणून ठेवला खोलीच्या आत, त्याच मागच्या कोपऱ्यात, तिच्या खुर्चीशेजारी. दार बंद, कारण एसीची थंड हवा जाते. आता बघा, एसी चालू, कूलर चालू, आणि खोली डब्यासारखी बंद. ज्या लोकांनी सगळं आयुष्य कूलरपुढे काढलं त्यांनी हे केलं! त्यात मीही होते, आणि पहिल्या दिवशी "वा, काय गारवा" असं मीच म्हणाले.

गारवा कसला, ओल ती. फायलींना कुबट वास यायला लागला. कागद मऊ पडले, शिक्का उमटेना. वास घालवायला कोणी फवारा मारला. बडे बाबू सकाळी मारुतीच्या तसबिरीपुढे कापूर लावायचेच, ते आता दुपारीही लावायला लागले. आणि त्या पोरीच्या सासूनं घरून ऊद पाठवला, रोज ऑफिसात जाळायला, कारण तिच्या मते सुनेला बाहेरची हवा लागली होती. म्हणजे आधीच कोंडलेली खोली, त्यात हा सगळा धूर. आणि ती मधोमध बसून खोकते आहे.

ही सासू मला एकदा भेटली. बसस्टॉपवर सुनेला न्यायला आली होती, कारण सुनेला चालवत नव्हतं. हडकुळी, डोक्यावर पदर, आवाज मात्र पाटलासारखा. मला म्हणाली, "त्या आपिसापाशी चिंच आहे ना? ठेकेदारानं तिच्या फांद्या छाटल्या. तिच्यातलं जे होतं, थे आता हिले धरून रायलं. बाहेरची हवा आहे ही. नौकरी गेली तं गेली, सून तं राहील." मी भांडायला तोंड उघडलं होतं, ते त्या शेवटच्या वाक्यानं राहून गेलं. सुनेवर एवढा जीव असलेल्या बाईशी काय भांडणार?

मग एका संध्याकाळी वादळ आलं. पत्रे उडाले, खांब आडवे झाले, हायवेवर झाडं पडली, आणि आमच्या भागाचा ट्रान्सफॉर्मर जळाला. दुसऱ्या दिवशी ऑफिसात पाय ठेवला तर भट्टी. लाइट नाही, एसी नाही, आणि एकही खिडकी उघडत नाही. साहेबांनी रुमालानं मान पुसत सांगितलं, टेबलं बाहेर काढा. बाहेर सावली एकच. चिंचेची.

ती उंबऱ्यातून हलेना. मनगटात सासूनं बांधलेला काळा दोरा होता, तो चाचपत उभी. मी म्हटलं, "काऊन व, चिंच काय तुले खाऊन टाकते? मी बसून रायली ना बाजूला." चिंचेखाली बसू नये, हे मलाही आईनं सांगितलेलं होतंच. पण आत उकडून मरण्यापेक्षा भूत बरं. शेवटी तिनं चिंचेला लांबून नमस्कार केला, आपलं टेबल माझ्या टेबलाला चिकटवून लावलं आणि बसली.

ते दिवस मला अजून आवडतात. कागदांवर दगड ठेवलेले, चहात चिंचेचा पाला पडतो आहे, कामाला आलेले लोक बांधावर बसल्यासारखे बसून गप्पा मारत आहेत. हातानं लिहिण्याची सवय गेलेली, बोटं दुखायची. ऊन होतंच, घामाच्या धारा होत्या. पण मागच्या बांधीवरून वारा यायचा.

तिसरा दिवस असेल. ती एका शेतकऱ्याला समजावून सांगत होती की तुमचा अर्ज इथं नाही, दुसऱ्या ऑफिसात द्यायचा आहे. म्हातारा बहिरा. ती सांगते आहे, तो "काय?" म्हणतो आहे, ती पुन्हा सांगते आहे. माझी लेखणी थांबली.

"काऊन व पोरी," मी म्हटलं, "तू आज खोकलली नाही."

तिनं हातातला अर्ज खाली ठेवला. गळ्याला हात लावला. "कालही नाई, मावशी," ती हळूच म्हणाली. जशी काही मोठ्यानं बोलली तर खोकला ऐकेल आणि परत येईल. बडे बाबूंनी पेन खाली ठेवलं आणि गंभीरपणे सांगितलं, "मेरा गैस भी गायब है." माझं डोकं? मी आठवून पाहिलं. ठणकलंच नव्हतं. आणि ती पोरगी एकाएकी रडायला लागली. "मावशी, मले वाटलं होतं, मी मरतो." मी तिला जवळ घेतलं. मलाही रडू आलं. बडे बाबूंनी तोंड फिरवून उगाच झाडाकडे पाहिलं.

लाइट आली तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, टेबलं आत नेली, दार लावलं. मी म्हटलं, थांबा, आधी विचार करा. माझं कोण ऐकतं? उन्हानं सगळे कावलेले. एसी सुरू, कूलर सुरू. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीपर्यंत तिला श्वास घेता येईना. ओठ निळे पडले. ऑफिसच्या जीपमधून दवाखान्यात नेलं. तिथं तोंडाला औषधाच्या वाफेचा मुखवटा लावला तेव्हा कुठं तिनं डोळे उघडले. डॉक्टरीण तरुण होती. पोरीला दम्यासारखा त्रास आहे असं तिनं सांगितलं आणि विचारलं, तुम्ही दिवसभर बसता कुठं? मी खोलीचं सगळं वर्णन केलं. ती म्हणाली, "मावशी, अशा खोलीत ओलीनं बुरशी धरते. ती आणि धूर हिच्या छातीला चालत नाही. जागा बदला, नाही तर पुढच्या वेळी उशीर होईल."

जागा बदला. म्हणजे नोकरी सोडा, असाच त्याचा अर्थ सगळ्यांनी घेतला. नवरा खाटेजवळ उभा राहून म्हणाला, आई म्हणते उद्याच राजीनामा दे. साहेब दवाखान्यात येऊन गेले, फळं ठेवली, आणि बाहेर व्हरांड्यात मला म्हणाले, "मॅडम, वाईट वाटतं, पण त्यांची प्रकृती कामाला साथ देत नाही, असं मला लिहावं लागेल."

आमचे साहेब पुण्याकडचे. माणूस वाईट नाही. कोणाला अरे-तुरे नाही, कधी आवाज चढवणं नाही. पण त्यांची केबिन मागच्या टोकाला, तिला मागच्या ओट्यावर उघडणारं दार, आणि मोबाइलची रेंज फक्त त्या दारात मिळते म्हणून ते दार दिवसभर उघडं. त्यांचं डोकं कशाला दुखेल? ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

मी दुसऱ्या दिवशी केबिनमध्ये गेले. "साहेब, त्या पोरीची प्रकृती नाही बिघडली, खोलीची बिघडली आहे."

"अहो मॅडम, इमारत नवी आहे. एसी आहे. बाहेर धूळ, कोंडा. आतल्यापेक्षा चांगली हवा कुठे असणार?"

"साहेब, त्या खोलीत कागदाची आवक-जावक आहे, हवेची नाही. एसी तीच हवा थंड करून परत आमच्याच तोंडावर टाकतो. मी सोडलेला श्वास बडे बाबू घेतात, त्यांनी सोडलेला ती घेते. वरून कूलरचं पाणी आणि मारुतीचा कापूर. नवी हवा येते कुठून? जाते कुठून? दाखवा."

ते हसले. माझा भडका उडाला. "हसू नका. उद्या तुम्ही तिच्या खुर्चीवर बसा. दिवसभर. दुपारी उठून गेलात तर हरलात. नाही उठलात तर मी स्वतः तिचा राजीनामा घेऊन येते."

आता विचार केला की अंगावर काटा येतो. कोणाच्या नोकरीची पैज मी लावत होते? पण साहेबांना ते पटलं. किंवा माझ्यापासून सुटका हवी होती. "ठीक आहे," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी साहेब लॅपटॉप घेऊन मागच्या कोपऱ्यात. बडे बाबूंनी आदरानं त्यांच्यासाठी कापूर जास्तच लावला. एसी, कूलर, झेरॉक्स, सगळं नेहमीसारखं. पहिला तास ते मजेत होते, माझ्याकडे बघून मिश्या हलवायचे. मग चष्मा काढून डोळे चोळले. मग पाणी. मग आणखी पाणी. जेवणानंतर जांभया सुरू झाल्या, एकीपाठोपाठ एक, आणि त्यांचं पाहून बडे बाबूंना. मग खोकला आला. रुमाल तोंडाला लावून त्यांनी तो दाबला, पण खोकला दाबून दबतो का? मी मान खाली घालून काम करत होते आणि आतून टाळ्या वाजवत होते.

शेवटी ते ताडकन उठले. दारातून जाणार आणि हरणार, असं मला वाटलं. पण ते खिडकीकडे गेले. कपाटामागे हात घालून त्यांनी खिडकीची मूठ धरली आणि ओढली. पुन्हा ओढली. कपाट हललं, खिडकी नाही. "अहो, ही उघडत का नाही?" ते ओरडले. आमचे साहेब, ओरडले!

"तेच तं सांगून रायली ना साहेब, कालपासून!" माझ्या तोंडून आमची बोली बाहेर पडली. सगळी खोली हसली. साहेबही हसले, खोकत खोकत, आणि म्हणाले, "बोलवा त्या खिडकीवाल्याला."

कपाटं हलवली तेव्हा मागची भिंत दिसली. माणसाच्या उंचीपर्यंत काळी बुरशी. तिच्या खुर्चीच्या बरोब्बर मागे. इतके दिवस ती पोरगी त्याला पाठ लावून बसली होती, आणि आम्ही तिला टीबी ठरवून तिथं नेऊन बसवलं होतं. तोंडाला फडकी बांधून ती भिंत खरवडून काढली, धुतली, चुना मारला. मागच्या खिडक्या सोडवून त्यांना बारीक जाळी लावली. समोरच्या, मिलकडच्या, बंदच ठेवल्या, पण वर छताजवळ आतली हवा बाहेर फेकणारे दोन पंखे बसवले. झेरॉक्स व्हरांड्यात गेलं. कूलर खिडकीच्या बाहेर गेला, जिथं तो जन्मभर होता. एसीवाल्यानं जाळी काढून दाखवली तर तिच्यावर कोंड्याचा आणि धुळीचा थर असा जमलेला की तो म्हणाला, "मैडम, ये तो कंबल बन गया." एकच गोष्ट अवघड गेली. बडे बाबूंचा कापूर. "भगवान को बाहर निकालोगे?" म्हणून ते रुसले. मी म्हटलं, मारुतीला कोणी काढत नाही बाप्पा, धूर तेवढा दाराबाहेर लावा, वायुपुत्रच तो, त्याला काय बाहेरच्या हवेचं भ्या? हे त्यांना पटलं.

राहिली सासू. साहेबांनी शेरा लिहायचा थांबवला, पण राजीनामा घरातून येणार होता. मी तलावातली ताजी मासोळी घेऊन त्यांच्या घरी गेले, कारण रिकाम्या हातानं वाद जिंकता येत नाही. सासूनं मासोळी घेतली, पाणी दिलं, आणि आधीच सांगितलं, "नौकरीचं नको बोलू."

"तलावाचं बोलू?" मी म्हटलं. आमच्या घराण्यात पूर्वी तलाव बांधायचे, आणि तिची सगळी शेती तलावाच्या पाण्यावर, त्यामुळे या विषयाला कोणी नाही म्हणणार नाही. "माय, तलावात नवीन पाणी येत नाही आणि जुनं सांडव्यानं जात नाही, तं काय होते?"

"काय होते? सडते. ढोर तोंड नाई लावत."

"त्या खोलीत हवा तशी सडून रायली होती. तुझी सून थे पिऊन रायली होती."

तिनं मासोळी ताटात काढली. "मंग बाहेरची हवा नाई लागली?"

"नाही माय. आतली लागली."

"आतलीही लागते?"

"लागते ना."

"चिंचेखाली बसली तवा बरी होती, असं पोट्टी सांगे. मले खोटं वाटे." मग तिनं सुनेकडे पाहिलं. ती दारात उभी होती, ओढणीचं टोक मुठीत धरून. "धान निघेपर्यंत पायतो," सासू म्हणाली. "कोंडा उडाले लागला आणि हिले पुन्हा धरलं, तं मी कोणाचं ऐकत नाई. नाही धरलं, तं खाऊ दे बाहेरची हवा, किती खाते थे."

म्हणजे आम्हाला दिवाळीनंतरपर्यंतचा वेळ मिळाला. लगेच सगळं चांगलं झालं असं सांगितलं तर ते खोटं होईल. पावसाळ्यात एकदा तिचा दमा पुन्हा उसळला, आणि आम्हा सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. डॉक्टरणीनं तोंडानं औषध ओढायचा पंप दिला, तो वापरायला शिकवलं. छातीला झालेली इजा भरायला वेळ लागतो, असं ती म्हणाली. पण शिट्टी कमी झाली. वाक्यं लांब व्हायला लागली. एका दुपारी ती मला सासूच्या माहेरचा कुठलासा लांबलचक किस्सा सांगत होती, आणि मला किस्सा काही कळला नाही, कारण मी फक्त तिचा श्वास ऐकत होते.

धान निघालं. मिल सुरू झाली. हवेत पिवळा कोंडा, रस्त्यावरचे ट्रक, सगळं दरवर्षीसारखं. आम्ही समोरचं दार लोटून ठेवायचो, मागच्या खिडक्या उघड्या. मी रोज सकाळी तिच्या तोंडाकडे बघायची, आणि ती चिडायची, "मावशी, मी काही चुलीवरचं दूध नाई, सारखी पाहून रायली तू." त्या मोसमात एकदा तिनं पंप काढला, एकदाच. ती खोकली की बडे बाबू आधी उठून खिडकी पुरी उघडी आहे का बघून यायचे. त्यांची डुलकी मात्र गेली नाही. ती गॅसची नव्हती आणि हवेचीही नव्हती, असं दिसतं.

हिवाळा संपत आला तेव्हा तिला कायम केल्याचा आदेश आला. साहेबांनी तो स्वतः तिच्या टेबलावर आणून दिला आणि म्हणाले, "अभिनंदन. आवक करून घ्या." तिनं आधी घरी फोन केला. पलीकडून पाटलासारखा आवाज आम्हाला सगळ्यांना ऐकू आला, "मंग येताना पेढे आण, फुकटे!"

पेढे घेण्यात उशीर झाला. चौकात पोचलो तर आमची बस सुटलेली, हळूहळू वळण घेत होती. माझे गुडघे असे की मी पळायचं नावही काढत नाही. मी म्हटलं, जाऊ दे व, दुसरी येईल. पण ती पळाली. चप्पल हातात, दुसऱ्या हातात पेढ्यांचा डबा, धाब्यांसमोरून, ट्रकांच्या मधून. आणि पळता पळता ती ओरडली, "ओ कंडक्टर! थांबवा! थांबवा हो बस! माही मावशी येऊन रायली!" चहा पिणारे लोक वळून बघायला लागले. कुत्री भुंकली. बस थांबली.

मी धापा टाकत पोचले. ती दारात एक पाय पायरीवर ठेवून उभी होती, की बस निघू नये. कंडक्टर वैतागून म्हणाला, "एवढ्या मोठ्यानं कायले ओरडता बाई? ऐकू येते मले."

"ओरडता येते ना आता," ती म्हणाली, "म्हणून!"

आणि तिनं मला हात देऊन वर ओढून घेतलं.